बाबा, तुमच्या तक्त्यात दोन रकाने कमी आहेत

ती. आई आणि बाबांना,
सा. न.

बाबा, तुमचा तक्ता मिळाला. पट्टीने आखलेल्या रेघा, सात लॅपटॉप, प्रत्येकापुढे प्रोसेसर, रॅम, स्टोरेज, ग्राफिक्स, आणि खाली लाल शाईत एकच प्रश्न : 'यातला सगळ्यात चांगला कोणता?' दोन रात्री तो समोर घेऊन बसले होते. फोनवर सांगायला गेले असते तर निम्मं राहून गेलं असतं, म्हणून लिहिते आहे. तक्ता अगदी नीट आहे, पण त्यात दोन रकाने कमी आहेत : कोण वापरणार आणि कुठे बसून वापरणार. ते भरून पाहिले तर सातातले बरेचसे आपोआप गळतात, आणि एकाच भारी लॅपटॉपऐवजी दोन साधे घ्यावेत असं मला वाटायला लागलंय. का ते सांगते.

आधी आईशी बोलायचंय.

आई, गेल्या खेपेला मी आले होते तेव्हा तू लॅपटॉपचं बटण दाबलंस आणि झाडांना पाणी घालायला गेलीस. परत आलीस तरी स्क्रीनवरचं चाक फिरतच होतं. 'सवय झालीय गं,' म्हणालीस. मग गाण्याचा वर्ग सुरू करताना काही उघडेना म्हणून तू पुन्हा क्लिक केलंस, दोन खिडक्या उघडल्या, सगळंच अडकलं, आणि पलीकडच्या मुलींना तू म्हणालीस, 'थांबा जरा, मला हे नीट जमत नाही.' ते वाक्य अजून माझ्या कानात आहे. तुला सगळं जमत होतं. त्या दिवशी तू आत गेल्यावर मी टास्क मॅनेजर (कुठला भाग किती कामात आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडून पाहिला, तर डिस्कपुढे १०० टक्के असा आकडा होता आणि बाकी सगळं तिची वाट बघत थांबलेलं. त्यात फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क आहे. ती सेकंदाला शंभर-दीडशे एमबी वाचते, तेही एकच मोठी फाइल सलग असेल तर. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फायली इथून तिथून वेचाव्या लागतात, तेव्हा त्या वेगातला फारच थोडा उरतो. आजच्या साध्या एनव्हीएमई एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या नव्या डिस्कमध्ये, फिरणारं काही नसतं आणि ती सेकंदाला दोन-तीन हजार एमबी सहज वाचते. तू हळू नव्हतीस, आई. डिस्क हळू होती.

आणि तो लॅपटॉप मीच दिला होता. स्वतःसाठी नवा घेतला आणि 'आई-बाबांना काय, एवढं पुरेल' म्हणून जुना तुमच्याकडे पाठवला. काम साधं म्हणजे यंत्र कसंही चालेल, हा माझा हिशेब चुकीचा होता. मला अडलेलं यंत्र सोडवता येतं. तुम्ही मात्र ते अडलं की आपलंच काही चुकलं असं समजून गप्प बसता. खरं तर चांगलं चालणाऱ्या यंत्राची गरज तुम्हालाच जास्त होती. त्यात त्या लॅपटॉपवरच्या विंडोज १० ला मिळणारा मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि त्यातला प्रोसेसर इंटेलच्या सातव्या पिढीचा आहे. विंडोज ११ साधारणपणे आठव्या पिढीपासून पुढे चालतं. म्हणजे त्यात एसएसडी बसवून वेग आणला तरी सुरक्षेचा प्रश्न तसाच राहील. नवा येईपर्यंत बँकेचं काही त्यावर करू नका, एवढं ऐका.

आता आईचे दोन रकाने. तू सकाळी खिडकीपाशी वाचतेस, दुपारी टेबलावर वर्ग घेतेस, रात्री पलंगावर बसून आमच्याशी बोलतेस. लॅपटॉप दिवसातून तीनदा उचलला जातो, आणि तुझं मनगट पूर्वीसारखं राहिलेलं नाही. म्हणून तुझ्यासाठी वजन सगळ्यात आधी : तेरा-चौदा इंचांचा, सव्वा ते दीड किलोच्या आतला. तक्त्यातला गेमिंगचा लॅपटॉप सव्वादोन किलोच्या वर जातो आणि त्याचा विटेएवढा चार्जर वेगळाच. चार्जिंग यूएसबी-सी ने होणारं हवं, आणि तशी जागा दोन्ही बाजूंना असेल तर फारच बरं, म्हणजे पलंगाच्या कुठल्याही बाजूला बसलीस तरी वायर अंगावरून जाणार नाही.

वर्गासाठी कॅमेरा १०८० पीचा बघ. बऱ्याच लॅपटॉपांत अजून ७२० पीचा असतो. तू मुलींना तोंडाचा आकार दाखवतेस, तो त्यांना स्पष्ट दिसायला हवा. आवाजाचा मात्र एक गुंता आहे आणि तो नवीन लॅपटॉपनेही आपोआप सुटणार नाही. व्हिडिओ कॉलची सॉफ्टवेअरं माणसाचं बोलणं ठेवून बाकीचं 'गोंगाट' म्हणून कापतात. पंख्याची घरघर जशी सलग, तसाच लांबवलेला सूरही सलग, म्हणून मुलींना तुझा सूर मधेच विरल्यासारखा ऐकू येतो. तुझा श्वास कमी पडतोय असं तुला वाटत होतं ना? झूममध्ये मूळ आवाज जसाच्या तसा पाठवायची सोय आहे. ती मी आल्यावर चालू करून देते. पण गोंगाट कापणं बंद केलं की लॅपटॉपचा स्वतःचा पंखाही ऐकू जाणार, त्यामुळे पंखा नसलेला लॅपटॉप तुझ्या खरोखर कामाचा. नोव्हेंबर २०२० मध्ये एम१ चिप आल्यापासूनच्या ॲपलच्या मॅकबुक एअरमध्ये पंखाच नाही. अडचण एवढीच की तुझ्या बोटांना विंडोजच्या जागा पाठ आहेत, आणि तिथे बटणं वेगळ्या कोपऱ्यात असतात. महिनाभर चिडचिड होईल, नंतर नाही, असा माझा अंदाज. नको वाटलं तर चौदा इंचांचा हलका विंडोज लॅपटॉप घेऊ. तो निवडताना दहा मिनिटं व्हिडिओ चालवून पंख्याला कान लावायचा.

क्रोमबुकचाही, म्हणजे बहुतेक कामं ब्राउझरमध्येच करणाऱ्या गूगलच्या लॅपटॉपचाही, मी विचार केला. वाचन, ईमेल, कॉल एवढंच असेल तर ते सुटसुटीत असतं, ब्राउझर उघडता आला की झालं. पण तुझी जुनी रेकॉर्डिंग्ज तू अधूनमधून कापतेस-जोडतेस, त्यासाठीचं तुझ्या सवयीचं सॉफ्टवेअर तिथे तसंच मिळणार नाही. शिवाय क्रोमबुकला दहा वर्षं अपडेट मिळतात ती ते मॉडेल ज्या प्लॅटफॉर्मवर (आतल्या मूळ घडणीवर) उभं आहे तो बाजारात आल्यापासून मोजतात. आपण विकत घेतल्या दिवसापासून नाही. दुकानात हे कोणी आपणहून सांगत नाही.

बाबा, आता तुमचं. तुम्ही एका जागी बसता, खिडकीशेजारच्या टेबलावर, सलग तीन-तीन तास : वाचनालयाचे हिशेब आणि जुने फोटो स्कॅन करणं. तुमचा लॅपटॉप जड असला तरी कोणाला त्रास नाही. तुमच्या दोन गोष्टी सांभाळायच्या आहेत, डोळे आणि मान. तुमच्या चष्म्यात जवळचं बघायची काच खालच्या बाजूला आहे, म्हणून स्क्रीनकडे बघताना तुम्ही हनुवटी वर करता आणि संध्याकाळी मान धरते. लॅपटॉपमध्ये स्क्रीन आणि कीबोर्ड एकाच बिजागरीला बांधलेले असतात. स्क्रीन सोयीच्या उंचीला आणली की हात अवघडतात, हात सोयीत ठेवले तर मान. यावर महागडा लॅपटॉप हा उपाय नाहीच. चोवीस इंचांचा वेगळा मॉनिटर, साधा कीबोर्ड, माऊस, आणि लॅपटॉप बाजूला. मॉनिटर तुम्हाला हवा तसा पुढे-मागे, वर-खाली करता येईल, आणि डॉक्टरांना विचारून संगणकाच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घेता येईल.

तरी लॅपटॉपची स्क्रीनही बघायचीच. तक्त्यात तुम्ही '१५.६ इंच' एवढंच लिहिलंय. त्याच मापात १३६६ बाय ७६८ चा पडदा आला तर इंचाला शंभरच ठिपके मिळतात, १९२० बाय १०८० चा आला तर एकशे एक्केचाळीस. इंग्रजी अक्षरं कमी ठिपक्यांत निभावतात. आपल्याकडचे रफार, उकार, अनुस्वार मात्र फिसकटतात, आणि तुम्ही ते डोळे बारीक करून वाचता. दुसरं, अक्षरं मोठी करायची तर विंडोजमध्ये स्केल १५० टक्के करतात. तसं केलं की १९२० बाय १०८० च्या पडद्यावर १२८० बाय ७२० एवढीच जागा उरते आणि हिशेबाच्या ओळी कमी दिसतात. म्हणून १९२० बाय १२०० चा, जरा उंच पडदा मिळाला तर तो घ्या. त्याचा उजेड 'निट्स'मध्ये लिहिलेला असतो. २५० निट्स तुमच्या खिडकीपाशी फिके पडतील, ३०० च्या वर बघा, आणि पडदा चकचकीत नको, मॅट हवा. '४५ टक्के एनटीएससी' (म्हणजे रंग कमी दाखवणारा पडदा) असं लिहिलं असेल तर तो लॅपटॉप फोटोंसाठी सोडून द्या. त्यावर आजीच्या फोटोतला लाल रंग विटकरी दिसेल आणि तुम्ही तो दुरुस्त करायला जाल.

कीबोर्डचं एक सांगते. चंदेरी कळांवर करडी अक्षरं असली आणि दिवसा आतला दिवा चालू राहिला, तर अक्षरं पुसल्यासारखी दिसतात. काळ्या कळा, पांढरी अक्षरं. हिशेबांमुळे आकड्यांचा वेगळा गट तुम्हाला हवाच, तो वेगळ्या कीबोर्डवर येईल.

तक्त्यातल्या पाचव्या लॅपटॉपपुढे तुम्ही बॅटरीसाठी तीन चांदण्या दिल्यात. त्यात स्नॅपड्रॅगन प्रोसेसर आहे. बॅटरी खरंच छान टिकते, पण त्या प्रोसेसरच्या विंडोजला ड्रायव्हर (जोडलेलं यंत्र चालवणारी छोटी सॉफ्टवेअरं) वेगळे लागतात, आणि तुमच्या स्कॅनरएवढ्या जुन्या यंत्रांसाठी ते बहुधा कोणी काढलेले नसतात. तुमचा लॅपटॉप कायम टेबलावर, वायरीला जोडलेला. बॅटरीसाठी स्कॅनर गमावू नका. उलट सेटिंगमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर ती लावू, सतत जोडलेल्या बॅटरीचं आयुष्य त्याने वाढतं.

स्टोरेजचा हिशेब तुम्हाला आवडेल. चार बाय सहा इंचांचा फोटो ६०० डीपीआयने (इंचाला ६०० ठिपक्यांनी) रंगीत स्कॅन करून न दाबता टिफ फाइलमध्ये ठेवला तर साधारण २६ एमबी होतो. हजार फोटो म्हणजे २६ जीबी. ५१२ जीबीची एसएसडी भरपूर झाली, एक टीबीची गरज नाही. त्यातून वाचतील ते पैसे बाहेरच्या डिस्कवर घाला, कारण फोटोंची दुसरी प्रत हवीच. रॅम १६ जीबी घ्या. आज ८ मध्येही भागेल, पण पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली असते, पुढे वाढवता येत नाही.

प्रोसेसरला तुम्ही सगळ्यात रुंद रकाना दिलाय, आणि मी त्यावर सगळ्यात कमी लिहिणार आहे. इंटेलच्या प्रोसेसरांत 'आय७ म्हणजे आय५ पेक्षा चांगला' हे एकाच पिढीत खरं. २०१७ च्या आय७-८५५०यू मध्ये चार कोअर (एकाच वेळी काम करणारे भाग) होते, २०२३ च्या आय५-१३३५यू मध्ये दहा आहेत. एएमडी कंपनीच्या रायझनमध्ये तर ७५२०यू आणि ७५३०यू यांत दहाचाच फरक दिसतो, पण पहिला चार कोअरचा आणि जुन्या घडणीचा, दुसरा सहा कोअरचा. त्या मालिकेत शेवटून दुसरा अंक बघायचा. तुमच्या दोघांच्या कामाला अलीकडच्या पिढीचा आय५ किंवा त्या तोडीचा रायझन पुरून उरेल.

तो गेमिंगचा लॅपटॉप तुम्ही दादाच्या मुलीसाठी लिहिलाय, हे माझ्या लक्षात आलंय. तो एकच घरी राहील, तिलाही चालेल आणि सगळ्यांनाही, असं तुमच्या मनात असणार. पण तिला तो रोज पाठीवर न्यायचाय. तिच्या अभ्यासक्रमात कुठली सॉफ्टवेअरं आहेत ते आधी तिला विचारू. रेव्हिट किंवा सॉलिडवर्क्स (इमारतींचे, यंत्रांचे आराखडे करायची सॉफ्टवेअरं) असेल तर विंडोज हवंच, ती मॅकवर थेट चालत नाहीत. तिचा निर्णय वेगळा होऊ दे. तुमच्या दोघांच्या पैशांतून तिच्या ग्राफिक्स कार्डाचा भार नको.

मी पुढच्या महिन्यात येते तेव्हा आपण तिघं दुकानात जाऊ. आई, तू लॅपटॉप एका हाताने उचलून बघायचा आणि खुर्चीवर बसून मांडीवर ठेवून बघायचा. बाबा, तुम्ही चष्मा लावून मराठी वर्तमानपत्राचं एक पान उघडायचं आणि हनुवटी न उचलता वाचायचं. घाई कोणाचीही ऐकायची नाही.

तोवर तक्ता नव्या दोन रकान्यांसह पुन्हा करून पाठवा, लाल शाईसकट. आणि जुना लॅपटॉप कोणाला देऊन टाकू नका, पुसूही नका. त्यातले फोटो आणि आईची रेकॉर्डिंग्ज मी स्वतः बाहेर काढणार आहे.

तुमची,
लेक