ऐन हंगामात बंद केलेल्या जाहिरात खात्याबाबत तक्रार

दिनांक : 12 मे 2025

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
भारतातील कार्यालय

विषय : आंबा विक्रीचे जाहिरात खाते कारण न देता बंद केल्याबाबत व त्यात अडकलेल्या रकमेबाबत

महोदय / महोदया,

देवगड तालुक्यात आमची वडिलोपार्जित हापूसची बाग आहे. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत थेट पेट्या पोचवायला लागलो आणि पुढच्याच हंगामापासून आपल्या समाजमाध्यमावर पैसे भरून जाहिराती देत आलो. वाशीच्या घाऊक बाजारात माल पाठवला की पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, हातात पडेपर्यंत भाव काय लागला ते कळत नाही. थेट गिऱ्हाईक असले की भाव आपण सांगतो, एवढा साधा हिशेब. त्यामुळे फवारणी, खत, राखणदाराचा पगार यांच्या जोडीला मी जाहिरातीचाही खर्च धरतो, आणि आजवर आपले एकही बिल थकवलेले नाही.

यंदा अक्षय्य तृतीया 30 एप्रिलला होती. तिच्या आधीच्या आठवड्यात, म्हणजे मागणी सगळ्यात जास्त असते नेमक्या त्या दिवसांत, आपण माझे जाहिरात खाते बंद केले. रात्री झोपताना जाहिराती चालू होत्या, सकाळी नव्हत्या. खात्यात असामान्य हालचाल दिसली आणि धोरणांचे उल्लंघन झाले, एवढेच सूचनेत होते. कोणत्या जाहिरातीत, कोणत्या धोरणाचे, यावर एक अक्षर नाही. त्याआधी माझी एकही जाहिरात नामंजूर झालेली नव्हती, एकदाही ताकीद आलेली नव्हती.

आपण कारण सांगत नाही, म्हणून मीच अंदाज बांधला. माझ्या खात्याचा जुना हिशेब आपल्याकडे आहेच, तो उघडा. जून ते फेब्रुवारी खर्च शून्य. मार्चच्या उत्तरार्धात रोजचे दोन-तीनशे रुपये, आणि एप्रिल उजाडला की एकदम दोन हजार. इतके महिने निपचित पडलेले खाते अचानक पैसे खर्च करू लागले, म्हणजे ते कोणीतरी पळवले असणार, असे आपल्या यंत्रणेने ठरवलेले दिसते. पण आंब्याच्या धंद्यातले खाते दरवर्षी असेच वागणार. थंडीत मोहोर येतो, मार्चपासून फळ उतरायला लागते, आणि मृगाचा पाऊस लागला की कारभार आटोपला. चौदा आणे तयार झालेले फळ झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, उतरवायचे, पेंढ्याच्या आढीत घालायचे, आठ-दहा दिवसांत ते पिकते आणि मग थोड्याच दिवसांत गिऱ्हाइकाच्या घरी पोचलेच पाहिजे. ऑगस्टमध्ये रोज शंभर रुपयांची जाहिरात देऊन मी काय विकू?

2021 चा मे महिनाही पाहा. खर्च चढत्या भाजणीने चालला होता आणि महिन्याच्या मध्यावर एका दिवसात शून्यावर आला. त्या वेळी तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्यावरून गेले. झाडाखाली फळांचा सडा पडला होता, विकायला काही उरले नव्हते, म्हणून मी जाहिरात बंद केली. आपल्या यंत्रणेला तीही असामान्य हालचालच वाटायला हवी होती. तेव्हा मात्र तिने काही हरकत घेतली नाही. पैसे येणे थांबले तर चालते, वाढले की संशय येतो, असा काही नियम असेल तर तो लेखी कळवावा.

खाते माझेच आहे हे सिद्ध करण्यासाठी आपण जे जे सांगितले ते ते मी केले. पासवर्ड बदलला, दोन टप्प्यांची सुरक्षा पहिल्यापासून चालू होतीच, आधार आणि पॅनचे फोटो चढवले. मग चेहऱ्याचा व्हिडिओ मागितलात. आमच्या बागेत रेंज नाही. ओटीपी यायचा तर वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, जावे लागते. भर दुपारी जांभ्याच्या कातळावर उभा राहून मी मोबाइलसमोर मान डावीकडे, उजवीकडे वळवत होतो. सकाळभर आंबे उतरवल्यामुळे देठाचा चीक बोटांवर वाळलेला, स्क्रीन बोट ओळखेना. घाम डोळ्यांत उतरत होता, आणि आपले ॲप सांगत होते की उजेड कमी आहे. एप्रिल अखेरची दुपार, उघडा कातळ, आणि उजेड कमी! शेवटी संध्याकाळी पडवीत ट्यूबलाइटखाली बसून केलेला व्हिडिओ पास झाला. खाते तरीही उघडले नाही.

त्यानंतर व्यवसायाची कागदपत्रे मागितलीत, आणि खरी अडचण इथे आहे. आपण जीएसटीचे प्रमाणपत्र मागता. स्वतःच्या जमिनीत पिकवलेला माल विकणाऱ्या शेतकऱ्याला जीएसटी नोंदणी करावी लागत नाही. केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम 23 मध्ये तसे स्पष्ट आहे, आणि ताज्या आंब्यावर जीएसटीही नाही. म्हणजे जे प्रमाणपत्र कायद्याने माझ्याकडे असण्याची गरज नाही, ते नाही म्हणून मी संशयित. जाहिरातीच्या बिलावर 18 टक्के जीएसटी मात्र मी आपल्याला निमूट भरतो आणि नोंदणी नसल्याने त्याचा परतावाही मला मिळत नाही. जीएसटी नसेल तर विजेचे बिल चालेल, असे पुढच्या निरोपात आले. आमच्या घराचे वीजबिल आजोबांच्या नावावर आहे. आजोबा जाऊन जमाना झाला. कोकणात दर दुसऱ्या घराचे बिल असेच असते, कारण जमीन सामाईक, हिस्सेदार मुंबईला, आणि नाव बदलायचे तर सगळ्यांच्या सह्या आणणार कोण. शिवाय बिलावर गाव आणि वाडी आहे, रस्त्याचे नाव आणि घर क्रमांक नाही. आपल्या अर्जात ते दोन्ही रकाने भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

मी सातबारा दिला. डिजिटल स्वाक्षरीचा, क्यूआर कोड असलेला, सरकारी कामात चालणारा सातबारा. त्यावर माझे नाव आहे, पीक म्हणून आंबा लिहिलेला आहे. मी आंब्याचा बागायतदार आहे याचा याहून पक्का पुरावा महाराष्ट्रात दुसरा नाही. तो काही मिनिटांत नामंजूर झाला. इतक्या लवकर तो कोणा माणसाने वाचला असेल यावर माझा विश्वास नाही. कागद मराठीत आहे म्हणून वाचता आला नसेल, तर ती माझी अडचण कशी? मराठी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे, आणि आपले नियम वापरकर्त्याला त्याच्या भाषेत मिळावेत हे आपल्यावर नियमानेच बंधनकारक आहे. नियम मराठीत द्यायचे आणि मराठी पुरावा फेकून द्यायचा, हे कोणते तंत्र?

मदतीसाठी चॅटची सोय आहे म्हणतात. ती चालू जाहिरात असलेल्यांनाच दिसते. माझी जाहिरात बंद, म्हणून चॅट बंद. जाहिरात बंद का, हे विचारायला चॅट हवी. फेरतपासणीचे बटण एकदा दाबले की पुन्हा दाबता येत नाही आणि त्याचा निकाल म्हणून पहिलीच सूचना शब्दशः परत आली.

खात्यात आगाऊ भरलेले 12,000 रुपये अडकले आहेत. अक्षय्य तृतीयेसाठीच भरले होते. मुहूर्त गेला, पैसे आपल्याकडे. पण खरे नुकसान त्याहून मोठे आहे. जाहिराती बंद पडल्या तेव्हा आढीत आंबे पिकत होते. ते थांबवायचे बटण माझ्याकडे नाही. काही पेट्या ओळखीपाळखीने गेल्या, काही एसटीने पुण्याच्या नातेवाइकांकडे पाठवल्या, उरलेला माल पडेल त्या भावाने वाशीला गेला आणि थोडा कॅनिंगवाल्याला किलोच्या दराने घातला. खाण्याचा आंबा कॅनिंगला घालताना काय वाटते ते बागायतदारालाच ठाऊक. जाहिरातीवरून आगाऊ पैसे भरलेल्या गिऱ्हाइकांचे वेगळेच. जाहिरात एकाएकी नाहीशी झाल्यावर त्यांना वाटले, पैसे घेऊन पळाला. एका ताईंनी फोनवर सरळ विचारले, तुम्ही खरेच देवगडला राहता का? त्यांची पेटी मी स्वतः बसमध्ये ठेवून आलो आणि बसचा नंबर त्यांना पाठवला.

आणि याच काळात आपल्या माध्यमावर देवगड हापूस म्हणून काय काय विकले जाते आहे ते बघा. हंगामाच्या तोंडाला, देवगडात पेटीला जो दर असतो त्याच्या निम्म्याने. परराज्यातला आंबा आमच्या नावाच्या खोक्यात भरून विकण्याचा धंदा जुना आहे. त्यासाठीच तर 2018 मध्ये हापूसला भौगोलिक मानांकन घेतले गेले, आणि यंदा देवगडच्या आंबा उत्पादक संस्थेने फळागणिक वेगळ्या ओळख क्रमांकाचे (युआयडी) स्टिकर आणले. अशाच एका जाहिरातीत चक्क माझ्या पेटीचा फोटो आहे. झाकणावर माझ्या मुलीने निळ्या स्केचपेनने लिहिलेले ‘5 डझन’ त्यात स्वच्छ वाचता येते. मी तक्रार नोंदवली. धोरणांचे उल्लंघन आढळले नाही, असे उत्तर आले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. ती जाहिरात हे पत्र लिहीत असताना चालू आहे.

खाते बंद झाल्याचा सुगावा आणखी काही जणांना लागला. आपल्या कंपनीचे अधिकारी म्हणवणाऱ्यांचे निरोप यायला लागले, आपले बोधचिन्ह लावलेले. पाच हजार द्या, ओटीपी सांगा, दोन तासांत खाते चालू. मी बळी पडलो नाही. शेजारच्या गावातला एक होमस्टेवाला पडला आणि त्याला 1930 या सायबर हेल्पलाइनवर धाव घ्यावी लागली. आपल्याकडे बोलायला माणूस नाही, म्हणून ही मंडळी पोट भरतात.

आता माझी मागणी. खाते कोणत्या जाहिरातीमुळे, कोणत्या कलमाखाली बंद केले ते मला लेखी कळवा. ते सांगता येत नसेल तर ते बंद करायलाच कारण नव्हते असे मी समजेन. मराठी वाचता येणाऱ्या माणसाकडून माझा सातबारा तपासून घ्या आणि खाते लगेच चालू करा. मेअखेरपर्यंत माझ्याकडे माल आहे, त्यामुळे जूनमध्ये चालू करणे म्हणजे वरातीमागून घोडे. तेवढ्या मुदतीत होणार नसेल तर 12,000 रुपये ज्या बँक खात्यातून भरले त्याच खात्यात परत करा, पुढच्या जाहिरातीसाठीचे क्रेडिट मला नको. माझ्या पेटीचा फोटो वापरणारी जाहिरात काढा. आणि हे खाते हंगामी आहे, दर मार्चला जागे होते, अशी नोंद त्यावर करून ठेवा. पुढच्या वर्षी पुन्हा सड्यावर उभे राहून मान वळवायची माझी तयारी नाही. ग्रामीण व्यावसायिकांसाठी सातबारा हा पुरावा म्हणून कायमचा स्वीकारलात तर माझ्यासारख्या अनेकांचा त्रास वाचेल. तो निर्णय आपल्या हातातला आहे, फार अवघडही नाही.

माहिती तंत्रज्ञान (मध्यस्थ मार्गदर्शक तत्त्वे आणि डिजिटल माध्यम आचारसंहिता) नियम, 2021 मधील नियम 3(2) प्रमाणे या तक्रारीची पोच 24 तासांत आणि निवारण ठरवून दिलेल्या मुदतीत होणे आवश्यक आहे. उत्तर आले नाही किंवा ठरावीक साच्यातले आले, तर मी केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे अपील करणार आहे. अडकलेल्या रकमेसाठी सिंधुदुर्ग जिल्हा ग्राहक आयोगात वेगळी तक्रार दाखल करीन. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः धंदा करणारा माणूस ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये ग्राहकच धरला आहे, आणि तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात जाता येते. तेव्हा मला आपल्या कार्यालयापर्यंत येण्याची गरज पडणार नाही.

फोन करायचा झाल्यास संध्याकाळी सातनंतर करावा. दिवसा मी बागेत असतो.

आपला,
एक आंबा बागायतदार
देवगड तालुका, जि. सिंधुदुर्ग

सोबत : खाते बंद केल्याच्या सूचनेची प्रत, आगाऊ भरलेल्या रकमेची पावती, डिजिटल सातबारा, मागील हंगामांची जाहिरात बिले, फोटो चोरलेल्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट व मूळ फोटो