मिठाचं पाणी, पीओपी आणि जॅक डेम्प्सी

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

रोज मिठाच्या पाण्यात हात बुडवले की मुठी टणक होतात, हे तुला बॉक्सिंग क्लबमध्ये कुणीतरी सांगितलंय. सांगणाऱ्याला ठाऊक असो वा नसो, ही गोष्ट जॅक डेम्प्सीची. कोलोरॅडोतल्या मनासा गावी १८९५ साली जन्मलेला हा माणूस. आधी खाणकामगार, मग मालगाडीच्या डब्याखालच्या दांड्यांवर आडवा पडून गावोगाव फिरणारा आणि दारूच्या गुत्त्यांत पैशांसाठी लढणारा. १९१९ ते १९२६ तो हेवीवेटचा जगज्जेता होता. पुढे न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर त्याचं रेस्टॉरंट चाललं ते १९७४ पर्यंत, आणि गिऱ्हाइकं जेवणापेक्षा त्याला भेटायलाच जास्त येत. त्याच्या गोष्टी जरूर ऐक, पण उचलायचं काय नि हसून सोडायचं काय, ते कळायला हवं.

मिठाचं पाणी सोडून दे. तो हात आणि चेहरा खारवायचा, कातडी चिवट व्हावी म्हणून. पण भुवईवरची जखम बहुतेकदा आतून होते: ठोसा बाहेरून बसतो, खाली भुवईच्या हाडाची कड असते आणि मधली कातडी चिरडून फाटते. मिठाने कोरडी पडलेली कातडी उलट भेगाळते. रिंगमध्ये उतरताना भुवयांवर आणि गालांच्या हाडांवर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवतात तो याचसाठी, ठोसा घसरावा म्हणून. जबडा बळकट करायला तो पाइनच्या झाडाचा चीक चघळायचा. पण नॉकआउट होतो तो डोकं झटक्याने फिरल्यामुळे. तेव्हा मान कमव, हनुवटी खाली ठेव, दात माउथगार्डवर घट्ट मिटलेले असू देत.

आता सगळ्यांत गाजलेली गोष्ट. ४ जुलै १९१९, ओहायोतलं टोलेडो, अंगाची लाही करणारं ऊन. समोर जेस विलार्ड, साडेसहा फूट उंच, डेम्प्सीपेक्षा वजनाने पन्नासेक पौंड जास्त. पहिल्याच फेरीत डेम्प्सीने त्याला सात वेळा खाली पाडलं. जिंकलो असं समजून तो रिंगबाहेर पडला, आणि दहा मोजून व्हायच्या आत घंटा झाली होती म्हणून त्याला परत बोलावलं. तिसऱ्या फेरीनंतर विलार्ड उठलाच नाही. त्यावर डेम्प्सीचा मॅनेजर जॅक कर्न्स याची कहाणी १९६४ साली, त्याच्या मृत्यूनंतर, छापून आली: पावडरच्या डब्यात प्लास्टर ऑफ पॅरिस भरून आपण डेम्प्सीच्या हातांना गुंडाळलेल्या ओल्या पट्ट्यांवर शिंपडलं, नि डेम्प्सीला पत्ताच नव्हता! डेम्प्सी भडकला आणि कोर्टात गेला.

माझा कर्न्सवर काडीचा विश्वास नाही. पीओपीचा गणपती दाराच्या चौकटीला जरा आपटला की टवका उडतो, हे तू पाहिलंयस. हाड बसवायचं प्लास्टर म्हणजे थरावर थर भिजवलेल्या पट्ट्या. वरून शिंपडलेली पूड तेवढी धरत नाही, आणि धरली तरी पहिल्या दोन-तीन ठोशांत तिचा भुगा होऊन आत बोटांनाच टोचेल. तरी संशयाला जागा नको म्हणून आज व्यावसायिक लढतीत पट्ट्या बांधताना समोरच्या गोटातला माणूस हजर असतो आणि बांधून झालं की अधिकारी पट्टीवर पेनाने सही करतो.

यातून तुझ्या कामाचं एकच, पट्टी. साडेचार मीटरची घे. अंगठ्यात फास अडकव, मनगट सरळ ठेवून तिथे तीन वेढे दे. मग हाताच्या पाठीवरून तिरकं नेऊन मुठीच्या उंचवट्यांवर तीन, आणि हे देताना बोटं पूर्ण फाकलेली हवीत. मिटलेल्या बोटांवर बांधलीस तर मूठ वळताच पट्टी आवळते आणि दुसऱ्या फेरीत हात बधिर होतो. पुढे बोटांच्या बेचक्यांतून एकेक फेरा, अंगठ्याला एक, आणि उरलेली सगळी परत मनगटावर. उंचवट्यावर चुणी राहिली तर नेमकी तिथेच कातडी सोलते. मूठ वळून बघ: आवळायला हवी, बोटांची टोकं पांढरी पडायला नकोत.

डेम्प्सीची खरी विद्या ठोशामागच्या पायात आहे. डावा पाय पुढे, वजनही त्याच्यावरच. आता वजन मागे न नेता तोच पाय उचल. अंग आपोआप पुढे पडतं आणि त्या पडण्यातच जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, सुटतो. पाऊल टेकण्याच्या क्षणभर आधी मूठ लागली पाहिजे. पाऊल आधी टेकलं की सगळा जोर जमिनीत गेला. हमखास दोन चुका होतात. पाय उचलण्यापूर्वी अंग मागे झुकतं आणि समोरचीला आधीच कळतं. नाहीतर कंबरेतून वाकून डोकं गुडघ्याच्या पुढे जातं आणि खालून वर येणारा ठोसा, अपरकट, आयता बसतो. आरशासमोर सावकाश कर, बॅगवर मग.

एका बाबतीत मात्र त्याचं ऐकू नकोस. खांद्यापासूनची ताकद करंगळीच्या रेषेत उतरते, म्हणून मुठीच्या खालच्या बाजूने मारा, असं तो म्हणे. भिंतीला मूठ टेकवून हळूहळू भार दे, म्हणजे त्याला काय दिसलं ते कळेल: उभ्या मुठीत करंगळीकडून मनगट खरंच स्थिर राहतं. पण तळहातातली तर्जनी आणि मधल्या बोटाची हाडं मनगटाला पक्की जखडलेली असतात, करंगळीचं हाड बारीक आणि हलतं. नवशिक्यांचं तेच मोडतं, विशेषतः हुक, म्हणजे कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा, चुकून कपाळावर बसला की. तू पहिल्या दोन उंचवट्यांवरच मार.

१९२६ साली जीन टनीकडून हरल्यावर तो बायकोला म्हणाला, ‘अगं, खाली वाकायचंच विसरलो.’ पुढच्या वर्षी, २२ सप्टेंबरला, शिकागोत पुन्हा तोच टनी. सातव्या फेरीत डेम्प्सीने त्याला पाडलं आणि तिथेच उभा राहिला. उठणाऱ्याला लगेच झोडपायची सवय टोलेडोपासूनची, तेव्हा ते चालत होतं. आता नियम होता की आधी तटस्थ कोपऱ्यात जायचं. तो जाईपर्यंत रेफरीने मोजणी सुरूच केली नाही. टनी नऊला उठला, प्रत्यक्षात तेरा-चौदा सेकंद गेले होते, आणि शेवटी गुणांवर तोच जिंकला. मला आधीही उठता आलं असतं, असं टनी नेहमी म्हणे. असेलही.

तेव्हा समोरची खाली बसली किंवा रेफरीने मोजायला सुरुवात केली, की तिच्याकडे बघत थांबू नकोस. तडक पांढऱ्या, म्हणजे तटस्थ, कोपऱ्यात जा, हात खाली सोड, दोन लांब श्वास घे आणि ‘बॉक्स’ म्हटल्याशिवाय पुढे येऊ नकोस.

तुझी,
आई