स्कोअर क्लार्कचा छापला, मॅच बेंचने जिंकली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतल्या विमेन्स कॉलेज बास्केटबॉलबद्दल तुमच्या स्पोर्ट्स पानावर अधूनमधून काहीतरी येतं ही चांगलीच गोष्ट आहे, पण जे येतं ते कायम कुठल्यातरी एकाच मुलीबद्दल असतं, आधी केटलिन क्लार्क, मग पेज बेकर्स, आणि बातमीत काय तर हिने इतके पॉइंट्स केले, संपलं. आता क्लार्क भारी आहे यात वादच नाही, मीही तिच्या मॅचेस बघतोच. पण साउथ कॅरोलिना युनिव्हर्सिटीसारखी टीम वर्षानुवर्षं का जिंकते हे त्या बातम्या वाचून कुणाला कधीच कळणार नाही, कारण ते कारण बेंचवर, म्हणजे सुरुवातीच्या पाचात नसलेल्या बदली मुलींमध्ये, बसलेलं असतं आणि बेंचकडे कुणी बघतच नाही.

७ एप्रिल २०२४ची एनसीएए टुर्नामेंटची (कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेची) फायनल घ्या, क्लीव्हलंडला झालेली, आयोवा (क्लार्कची टीम) विरुद्ध साउथ कॅरोलिना. आयोवाने सुरुवातीलाच १०-० अशी लीड घेतली, क्लार्कने एकट्या पहिल्या क्वार्टरमध्ये १८ पॉइंट्स मारले, बघणाऱ्याला वाटलं झालं आता. शेवटी स्कोअर काय, ८७-७५, साउथ कॅरोलिना जिंकली आणि अख्खा सीझन ३८-०. क्लार्कचे टोटल ३० झाले म्हणजे पुढच्या तीन क्वार्टरमध्ये मिळून फक्त १२. आणि बॉक्स स्कोअरमधली (मॅचच्या आकड्यांच्या तक्त्यातली) जी ओळ मला अजून पाठ आहे ती अशी की साउथ कॅरोलिनाच्या बेंचचे पॉइंट्स ३७ आणि आयोवाच्या बेंचचे शून्य. शून्य म्हणजे शून्यच. आयोवाचे ७५च्या ७५ पॉइंट्स सुरुवातीच्या पाच जणींनीच केले. इकडे साउथ कॅरोलिनाची त्या दिवशीची टॉप स्कोअरर होती टेसा जॉन्सन, १९ पॉइंट्स, फ्रेशमन, म्हणजे कॉलेजचं पहिलंच वर्ष, आणि तीही बेंचवरून आलेली!

लोक म्हणतात साउथ कॅरोलिनाच्या रेवन जॉन्सनने क्लार्कला रोखलं. बरोबर आहे, तिचा डिफेन्स जबरदस्तच होता. पण क्लार्कच्या मागे सतत धावायचं, प्रत्येक स्क्रीनमधून (आडव्या उभ्या राहणाऱ्या खेळाडूंमधून) वाट काढायची, वर स्वतःच्या टीमचा बॉलही आणायचा, हे कोणीही एकटीने ४० मिनिटं करू शकत नाही. दमली की दुसरी ताजी मुलगी आत येणार आणि ती पहिलीपेक्षा काही फार कमी नसणार, ही खात्री असली की पहिलीही जीव काढून खेळते, पुढच्या क्वार्टरसाठी दम राखून ठेवत नाही. बेंचचा खरा फायदा मला हा वाटतो. बेंचचे पॉइंट्स तरी दिसतात, हे कुठल्याच कॉलममध्ये दिसत नाही.

त्याच्या आदल्या मॅचमध्ये, सेमीफायनलला एनसी स्टेट समोर होती. हाफटाइमला लीड जेमतेम एका पॉइंटची, आणि मग तिसरा क्वार्टर २९-६. अ‍ॅशलिन वॉटकिन्सने बेंचवरून येऊन २० रिबाउंड्स घेतले, म्हणजे हुकलेले शॉट पकडले. वीस! त्याहून मजेदार किस्सा त्याआधी मार्चमधला, एलएसयूविरुद्धची (लुइझियाना स्टेट) एसईसी फायनल, म्हणजे साउथ कॅरोलिना ज्या कॉलेज-गटात खेळते त्याची. शेवटच्या मिनिटांत धक्काबुक्की झाली, साउथ कॅरोलिनाच्या कमिला कार्डोसोला बाहेर काढलं, आणि बेंच सोडून कोर्टवर धावत आल्या म्हणून बेंचवरच्याही काही जणींना बाहेर काढलं, तरी उरलेल्या मुलींनी मॅच ७९-७२ने संपवली. त्या भांडणामुळे एनसीएए टुर्नामेंटच्या पहिल्या मॅचला कार्डोसो नव्हती, म्हणजे टीमची मेन सेंटरच (बास्केटजवळ खेळणारी उंच खेळाडू) नाही, आणि स्कोअर किती, तर प्रेस्बिटेरियनविरुद्ध ९१-३९. समोरची टीम दुबळी होती हे मान्य, पण तरीही.

आता कुणी म्हणेल, चांगल्या पोरी जास्त गोळा केल्या की झालं, त्यात काय मोठं. इतकं सोपं असतं तर २०२३ला काय झालं? मला तर तीच टीम सगळ्यात भरलेली वाटते. अलिया बॉस्टन, झिया कुक, ब्री बील या स्टार्टर (सुरुवातीच्या पाचातल्या), आणि बेंचवर कार्डोसो, रेवन जॉन्सन, ब्री हॉल, वॉटकिन्स, लेटिशिया अमिहेरे. त्या वर्षी डब्ल्यूएनबीए या प्रो लीगच्या ड्राफ्टमध्ये, जिथे टीम्स नव्या खेळाडू निवडतात, या एका कॉलेजच्या पाच जणी गेल्या आणि अमिहेरे तर कॉलेजात बेंचवरून खेळून पहिल्या राउंडमध्ये आठवी निवडली गेली. अशी टीम ३६-० करून सेमीफायनलला आली आणि आयोवाकडून ७७-७३ने हरली, क्लार्कचे ४१. बॉस्टनला लवकर फाउल लागले म्हणून ती बाहेर, तिच्या जागी कार्डोसो आली आणि छान खेळली, म्हणजे बेंचने आपलं काम केलंच. पण आयोवाने बास्केटच्या खाली गर्दी केली आणि बाहेरून मारा म्हणून रिकामं सोडलं, क्लार्कने तर रेवन जॉन्सनकडे हात झटकून दाखवला की मार बाई तू, मी येतच नाही अडवायला. आणि बाहेरून शॉट पडेनात. दहा मुली आहेत पण सगळ्यांची ताकद एकाच प्रकारची, तर तो नुसता आकडा झाला.

डॉन स्टेली या बाईंचं मोठेपण मला इथे दिसतं. २००८पासून त्या तिथे कोच आहेत, स्वतः पॉइंट गार्ड (बॉल आणून खेळ चालवणारी) होत्या, खेळाडू म्हणून तीन ऑलिम्पिक गोल्ड, आणि २०१७, २०२२, २०२४ अशी तीन टायटल्स कोच म्हणून. २०२३च्या हारीनंतर पाचही स्टार्टर गेल्या होत्या, बाहेरच्यांना वाटलं आता दोन वर्षं तरी यांचं काही खरं नाही. स्टेलींनी ओरेगनहून टे-हिना पाओपाओ आणली, जी बाहेरून शॉट मारण्यात एकदम पक्की, बाकी बेंचवरच्याच मुली पुढे सरकवल्या, मिलेशिया फुलवायली आणि टेसा जॉन्सन या नव्या आल्या, आणि तीच टीम ३८-०. त्या सीझनमध्ये टीमची टॉप स्कोअरर कार्डोसोचं अ‍ॅव्हरेज होतं १४.४ आणि तिकडे क्लार्कचं ३१.६. हे दोन आकडे शेजारी छापले असते तरी वाचकाला बरंच काही कळलं असतं.

कार्डोसोचंच बघा ना. सिरॅक्यूज या दुसऱ्या कॉलेजात पहिल्या वर्षीच नाव काढलेली ब्राझीलची उंच मुलगी, २०२१ला साउथ कॅरोलिनात आली आणि दोन वर्षं बॉस्टनच्या मागे बेंचवर. दुसऱ्या टीममध्ये गेली असती तर पहिल्या दिवसापासून स्टार्टर असती. तिसऱ्या वर्षी स्टार्टर झाली, फायनलमध्ये १५ पॉइंट्स आणि १७ रिबाउंड्स, मोस्ट आउटस्टँडिंग प्लेअर, आणि ड्राफ्टमध्ये तिसरी. सानिया फेगन तर चौथ्या वर्षी कुठे नियमित स्टार्टर झाली आणि तीही ड्राफ्टमध्ये गेली. म्हणजे बेंचवर बसणं म्हणजे करिअर वाया जाणं असं तिथे तरी नाही, प्रॅक्टिसमध्ये रोज बॉस्टनला अडवायचं तर मॅचमधली कुठलीही सेंटर सोपीच वाटणार.

पण सगळ्यांना हे पटत नाही आणि पटावं तरी का. फुलवायली २०२५ला एसईसीची सिक्स्थ वुमन ऑफ द इयर (बेंचवरून येणाऱ्यांतली सर्वोत्तम) ठरली, मॅचला २० मिनिटांपेक्षाही कमी खेळून दहाच्या वर अ‍ॅव्हरेज, गाव कोलंबियाच, म्हणजे अगदी घरची पोरगी, आणि सीझन संपल्यावर ती ट्रान्सफर पोर्टलमधून (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून) गेली कुठे, तर एलएसयूला! फॅन लोक चिडले, मला नाही राग आला. चार वर्षांचं कॉलेज, त्यातली दोन कमी मिनिटांत गेली, आता ट्रान्सफर केलं तर वर्ष बाहेर बसावं लागत नाही आणि आपलं नाव वापरू दिल्याबद्दल पैसेही मिळतात, मग तिने थांबायचं कशासाठी? ज्या पोर्टलमधून पाओपाओ आली त्याच पोर्टलमधून ही गेली. इतकी जाड बेंच दर वर्षी टिकवणं यापुढे अवघड जाणार असं माझं मत आहे.

आणि दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर म्हणाल हा एकाच टीमचा भक्त दिसतो. एप्रिल २०२५च्या फायनलमध्ये यूकॉनने (कनेक्टिकट युनिव्हर्सिटी) याच साउथ कॅरोलिनाला ८२-५९ असं धुतलं. अ‍ॅझी फड २४, सारा स्ट्राँग २४, बेकर्स १७, तिघींचे मिळूनच ६५, म्हणजे समोरच्या अख्ख्या टीमपेक्षा जास्त. तेव्हा टॅलेंट वरचढ असलं तर बेंच काही वाचवत नाही हेही खरं. वॉटकिन्स त्या जानेवारीत गुडघ्याच्या दुखापतीने बाहेर गेली होती, तिच्याशिवायही फायनलपर्यंत आल्या ही कमाई बेंचचीच, पण फायनल जिंकायला ती पुरली नाही. मात्र हीच यूकॉन जानेवारी २०२३मध्ये दुखापतींमुळे इतकी रिकामी झाली होती की सात स्कॉलरशिप प्लेअरसुद्धा उभ्या राहीनात म्हणून डीपॉलविरुद्धची मॅच पुढे ढकलावी लागली. तोवर अकरा वेळा चॅम्पियन झालेल्या टीमवर ही वेळ! तिघी कितीही भारी असल्या तरी गुडघे त्यांचेही तेच असतात.

तर संपादक महोदय, मागणी छोटीशी आहे. पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये या टुर्नामेंटची बातमी द्याल तेव्हा कोण किती मिनिटं खेळली आणि दोन्ही बेंचचे पॉइंट्स किती, एवढी एक ओळ स्कोअरखाली टाका. जागा नसेल तर टॉप स्कोअररचा फोटो अर्धा कॉलम बारीक करा, चालेल.

आपला,
स्पोर्ट्स पान आधी उघडणारा एक वाचक