शनिवार, ता. ११

अंबाजोगाई,
रविवार, दुपार

प्रिय दत्या,

पाकीट बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. आईची शुगर आहे तिथंच आहे, माझं बीपी गोळीवर चालू आहे. झालं तब्येतीचं. सव्वा वर्षात तुला धड एक ओळ लिहिली नाही, नुसती सकाळची फुलं फॉरवर्ड करत राहिलो, त्याच्या शिव्या भेटल्यावर घाल. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू हसशील, मग मीही हसेन, आणि सांगायचं ते राहून जाईल. तेवढंच हवंय मला, म्हणून लिहायला बसलोय.

काकूंनी अप्पांची पेटी उघडली.

तीच, हिरव्या पत्र्याची. पुण्याहून एक मुलगी आली होती, नाटक-तमाशांच्या जुन्या जाहिराती जमवते. आपल्या पोरींच्या वयाची, पण तयारी दांडगी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत सीतास्वयंवर केलं, एवढं आपल्यालाही गुरुजींनी घोकून घेतलं होतं. याच भाव्यांनी लाकडी बाहुल्याही केल्या होत्या, हे मला तिनं सांगितलं. काकू लगेच म्हणाल्या, "मंग आमचे हे त्याच लायनीतले की!" मी मान हलवली. अप्पांची लायन अर्धवटरावाची, पाध्यांचा बोलक्या बाहुल्यांचा खेळ बघून आल्यावर त्यांनी पांगाऱ्याचा ओंडका कोरायला घेतला, हे काय मी त्या माउलीला खोडून सांगू?

पेटीत वर दाजी बाहुला, खाली कागद. दाजीचा जबडा अजून चालतो, स्प्रिंग तेवढी गंजली आहे. मुलीनं विचारलं, नाव दाजीच का? मग मी अर्धा तास बोललो, तुझी आठवण काढत. ओठ न हलवता प-फ-ब-भ-म म्हणता येत नाही, म्हणून बाहुलीच्या तोंडी ती अक्षरं येऊ द्यायची नाहीत. अप्पांना बाहुलीनं 'अप्पा' म्हणायची सोय नाही, म्हणून 'काका'. अंबाजोगाई म्हणता येत नाही, जुनं मोमिनाबाद तर त्याहून नाही. बीड नाही, परभणी नाही, परळीही नाही. म्हणून दाजी लातूरचा! ती इतकी हसली. लातूरचे लोक उगाच पंचवीस वर्षं फुशारकी मारत होते, तेही सांगितलं. १९९३ नंतर पोरं दाजीला बघून 'तात्या विंचू' म्हणून पळायची आणि अप्पा चिडायचे, ते मात्र काकूंसमोर सांगितलं नाही.

खाली आपल्या प्रेसची हँडबिलं. गुलाबी, पिवळी, पोपटी, तो पातळ कागद हातात घेतला तरी कडा झडतात. 'आला! आला! आला!' आणि दोन्ही बाजूंनी बोट दाखवणारे हात. बाहुलीचा ब्लॉक आपल्याकडं नव्हता म्हणून कुठल्याशा सर्कशीचा उरलेला सिंह बसवलेला. 'स्त्रियांची बसण्याची स्वतंत्र व्यवस्था. कडेवरच्या मुलास तिकीट नाही.' आठवतं, दहा-दहा वर्षांची पोरं कडेवर घेऊन आलेल्या बाया? टांग्यात भोंगा, पुढं हलगी, आणि आपण दोघं मागं बसून कागद उधळायचो. तू गठ्ठेच्या गठ्ठे फेकून लवकर मोकळा व्हायचास, हे मी दादांना सांगितलं होतं. त्यावरूनही भांडलो होतो आपण. अजून माझंच बरोबर होतं असं मला वाटतं.

तर त्यातच ते परळीचं निघालं.

मुलीनं मोबाइलवर काहीतरी बघितलं आणि म्हणाली, "काका, यावर शनिवार, ता. ११ नोव्हेंबर १९८८ छापलंय. पण ११ तारखेला शुक्रवार होता. मग खेळ नक्की कधी झाला?" तिला ते हँडबिल पुस्तकात छापायचं आहे, खाली एक ओळ लिहून.

घसा कोरडा पडला रे. सदतीस वर्षांत कुणी वाराकडं बघितलंच नव्हतं. खेळ १९ चा होता, शनिवारचा. ११ ला भाऊबीज. परळीत घरोघरी माहेरवाशिणी, त्यांची पोरं, आणि कागदावर भाऊबीजेची तारीख. वार कोण वाचतो? सगळं गाव शाळेच्या पटांगणावर. अप्पा त्या दिवशी केजच्या पलीकडं कुठल्यातरी वाडीवर. कनात फाडली, दोन कंदील फोडले. १९ ला पोरीबाळी सासरी गेलेल्या, गाव रुसलेलं. तेवीस माणसं आली. तेवीस, कारण तिकिटं मी फाडली होती. अप्पांनी पूर्ण खेळ केला, दाजीला एकही विनोद गाळू दिला नाही.

पुढचं तुला पाठ आहे. जुळणी तुझी, म्हणून दादांनी तुझ्या कानाखाली काढली. दुसऱ्याच्या पोराच्या. तू छपाईच्या अक्षर-खिळ्यांची पट्टी तिथंच ठेवलीस, हात पुसलेस आणि परत प्रेसची पायरी चढला नाहीस. मॅट्रिक झाली की आयटीआय, मग चाकण. आणि मी इतकी वर्षं, तुझ्या लग्नातसुद्धा, 'ह्याला एक आणि नऊ कळत नाही' म्हणून चारचौघांत हशा घेतला.

दत्या, घरी येऊन मी ते हँडबिल भिंगाखाली धरलं. तो १ नाही. पहिला १ आणि दुसरा १ शेजारी शेजारी आहेत, दुसरा जरा जाड आहे, आणि त्याच्या डाव्या अंगाला, जिथं वळण असायला हवं तिथं, मोहरीएवढा शाईचा ठिपका आहे. तो ९ च आहे, मोडलेला. तू बरोबर खणातून बरोबर खिळा उचलला होतास. खिळ्याची खाच बघून लावायचं, अक्षराचं तोंड बघत बसायचं नाही, असं दादांनीच शिकवलं होतं ना तुला?

आणि तो मोडला कसा, ते मला माहीत आहे. दिवाळीच्या आधी झाडलोट करताना आकड्यांची केस माझ्या हातून सुटली. २४ पॉइंट ब्लॅक, म्हणजे मोठे ठळक आकडे, सगळे शहाबादी फरशीवर. दादा बाजारात गेले होते. मी मुठीमुठीनं गोळा केले, फुंकले आणि खणात टाकले. एकदोन दबले असतील असं वाटलंही. नवे मागवायचे म्हणजे सांगावं लागलं असतं. प्रूफ कुणी बघितलं होतं, तेही आठव. मीच. सिंह सरळ आहे ना तेवढं बघितलं आणि 'ओके' लिहिलं.

हे मला आज कळलं असं म्हणवत नाही. थप्पड बसली त्याच रात्री पोटात कुठंतरी कळलं होतं. मग तुझी थट्टा करत करत मी ते बुजवलं. थट्टेत एवढी सोय असते.

आता माझा घोळ तू नाही, काकू आहेत. तुझी माफी मी मागेन, तू दोन शिव्या देशील, चहा होईल. पण अप्पा त्या तेवीस माणसांनंतर मनातून बसले. त्याच्या महिनाभर आधी टीव्हीवर महाभारत लागलं होतं, २ ऑक्टोबरला. अप्पांनी सगळा दोष टीव्हीला दिला. "रविवारी सकाळी घरात कृष्ण बोलायलाय, मग शनिवारी माझ्या लाकडाचं कोण ऐकंल?" पुढं मोठे खेळ घेतलेच नाहीत, माळेगावच्या जत्रेत तंबूवाल्यांच्या मधल्या वेळेत पंधरा मिनिटं, शाळांतून दोन रुपये, बस. आणि काकूंनी ते तसंच धरलंय, की जमाना बदलला, आमच्या ह्यांचं काही चुकलं नाही. जमाना बदलला होताच म्हणा. एका खिळ्यानं टीव्ही थोडाच थांबला असता? पण भाऊबीजेला पटांगण भरलं होतं, दत्या. महाभारत लागून महिना झाला होता आणि तरी भरलं होतं. हे अप्पांना कुणी सांगितलंच नाही. सांगितलं ते एवढंच, की लोकांनी कनात फाडली.

सांगू का काकूंना? चौऱ्याऐंशीच्या आहेत. मी परवा नुसताच जाऊन बसलो. पेटीत हात घालून उगाच कागद वरखाली करत होतो. "काय शोधायलास रे एवढं?" म्हणाल्या. म्हटलं, काही नाही. भाकरी खाऊन आलो.

आणि त्या मुलीला काय सांगू? 'छपाईची चूक' म्हटलं की झालं, खोटंही नाही. पण खाली प्रेसचं नाव आहे. दादा गेले, प्रेस गेली, छपाईची ट्रेडल मशीन भंगारात किलोवर विकली, मी फ्लेक्स छापतोय, ज्यात वाढदिवसाच्या पोरांच्या नावांत दर फ्लेक्सला चुका असतात आणि कुणाला काही वाटत नाही. उरलंय ते एवढं नाव. शिवाय चूक म्हटलं की ती विचारणार, कुणाची?

गुरुवारपर्यंत तिला उत्तर द्यायचंय. हँडबिलांचे पैसे ती बरे देतेय, काकूंना लागणारच आहेत. दाजी मात्र द्यायचा नाही, हे त्यांचं पक्कं.

तुझ्या रिटायरमेंटचं काय ठरलं? पोरीला पुण्यात नोकरी लागली म्हणे, पेढे कुठंयत? वहिनींच्या गुडघ्याला विचारलंय म्हणून सांग.

उत्तर लिहून पाठव. फोन केलास तर मी परत तुझ्यावरच ढकलीन, मला माहीत आहे.

तुझा,
पप्या

ता. क. : हँडबिलाचा फोटो सोबत घातलाय. भिंग लावून बघ, डाव्या अंगाला. माझ्या शब्दावर जाऊ नकोस, प्रूफ मी कसं बघतो ते तुला ठाऊक आहे.