वानलेसवाडी आणि पणजोबांचा खडा

कोल्हापूर, रविवार रात्र

सच्या भावा,

फोन तू उचलत नाहीस, उचललास तरी "मीटिंगमधे आहे रे", म्हणून बसून टाईप करतोय, निवांत वाच.

परवा बाबांना घेऊन मिरजेला गेलेलो, डोळे दाखवायला. नंतर सांगलीत काम होतं, रिक्षावाला म्हणाला वानलेसवाडीवरनं जाऊया, आणि मग लक्षात आलं की हे नाव आपण लहानपणापासनं ऐकतोय आणि मला कायम वाटायचं वानलेस म्हणजे कुणीतरी कानडी पाटील असणार. हसू नको. माणूस कॅनडाचा निघाला! डॉक्टर विल्यम वानलेस, 1889 ला इकडं आला, 1894 ला मिरजेत हॉस्पिटल काढलं, तेच आपलं मिशन हॉस्पिटल. जवळजवळ 40 वर्षं राहिला लेका. आपण दोन वर्षं पुण्यात होतो तर मिसळीच्या आठवणीनं जीव जात होता. आणि कोल्हापुरातलं मेरी वानलेस हॉस्पिटल, ती मेरी म्हणजे त्याची बायको.

कोल्हापुरात तर त्याच्याही आधी, 1852 ला, रॉयल वायल्डर नावाचा अमेरिकन बायकोला घेऊन येऊन राहिला. रेल्वे आली 1891 ला, म्हणजे विचार कर कसे आले असतील. त्याचा पोरगा रॉबर्ट 1863 ला इथंच जन्मला, म्हणजे गाववालाच की आपला. पुढं अमेरिकेत कॉलेजच्या पोरांना मिशनरी व्हायला तयार करायची मोठी चळवळ उभी करणाऱ्यांत तो होता.

आता ते धर्म सांगायलाच आले होते, ते कशाला लपवायचं. यावरनं आमच्या काकांचं आणि बाबांचं जेवताना जुंपलं. बाबा एवढंच म्हणाले, आजोबांचा मुतखडा मिरजेतच काढला की. म्हणजे माझे पणजोबा. गावातनं कोल्हापूरपर्यंत बैलगाडी, पुढं रेल्वे, वाटभर ओरडत होते म्हणे. बरे होऊन आले आणि पुढं शेवटपर्यंत वारीला गेले, गळ्यातली माळ काही उतरली नाही. काका गप. (पाच मिनिटंच, पण गप.)

तो खडा पणजोबांनी डबीत घालून आणलेला, आल्यागेल्याला दाखवायचे. काल आत्याला फोन केला, म्हटलं डबी टाकली का गं? तर म्हणती, "टाकतीय कशाला, देव्हाऱ्यात हाय." दिवाळीला आलास की दाखवतो.

तुझाच,
पिंट्या