लाल शाईतल्या ‘हॅज बीन’साठी

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

जिल्हा न्यायालयातले मराठी कागद हायकोर्टासाठी इंग्रजीत करणारे आम्ही काही जण. आमच्या मसुद्यांवरच्या तुमच्या लाल खुणांसाठी हे जाहीर आभार.

सगळ्यात जास्त शाई आमच्या ‘आहे’ने खाल्ली. ‘वादीने ३ मार्च २०१९ रोजी दावा दाखल केला आहे’ हे मराठीत बिनचूक. त्याचं ‘हॅज फाइल्ड अ सूट ऑन ३ मार्च’ केलं की फसलं. तारीख आली की ‘हॅज’ काढायचा, नुसतं ‘फाइल्ड’ ठेवायचं. तारीख न देता, दावा लावलाय एवढंच सांगायचं असेल तर ‘हॅज फाइल्ड’ खुशाल लिहावं. ‘दावा २०१९ पासून प्रलंबित आहे’ इथे गंमत उलटी. आम्ही लिहायचो ‘इज पेंडिंग सिन्स २०१९’, तुम्ही दर वेळी ‘हॅज बीन पेंडिंग’ करायचात. ‘द सूट इज पेंडिंग’ एवढंच असेल तर ठीक. ‘पासून’ जोडलं की ‘इज’ पुरत नाही. नोटिशींमध्ये ही चूक इतकी मुरलीय की बरोबर लिहिलं तर टायपिस्ट ते ‘दुरुस्त’ करून देतो!

‘त्याच्यावर केस टाकली’ मधला ‘वर’ही तसाच घात करतो. ‘ऑन हिम’ नव्हे, ‘अगेन्स्ट हिम’. पण क्रियापद ‘सू’ असेल तर ‘अगेन्स्ट’सुद्धा नको: ‘सूड द बिल्डर फॉर डॅमेजेस’. शिवाय ‘सू’ दिवाणीपुरतं. फौजदारीत ‘प्रॉसिक्यूट’, आणि ते बहुधा सरकार करतं. फिर्यादी ‘लॉज’ करतो ती ‘कम्प्लेंट’.

‘आरोप’ या एकाच शब्दामागे दोन गोष्टी लपतात, हे तुमच्या समासातल्या टिपेमुळे डोक्यात बसलं. कुणी नुसता आळ घेतला तर ‘अक्यूज्ड ऑफ’, रीतसर दोषारोप ठेवला तर ‘चार्ज्ड विथ’. पहिल्याच्या जागी दुसरं लिहिलं तर अजून दोषारोपपत्रही नसलेल्या माणसाचा खटला आपण कागदावर पुढच्या टप्प्यावर नेलेला असतो. पुढे ‘कन्व्हिक्टेड ऑफ’, ‘सेन्टेन्स्ड टू’. यात फारसं कुणी चुकत नाही.

कायदा काय सांगतो ते वर्तमानकाळात, ‘सेक्शन १३८ प्रोव्हाइड्स’. त्या खटल्यात कोर्टाने काय ठरवलं ते भूतकाळात, ‘द कोर्ट हेल्ड’. एकाच परिच्छेदात दोन काळ आले म्हणून घाबरून ते एकसारखे करायचे नाहीत, हेही तुमचंच.

पुढचा मसुदा सोबत आहे. ‘सिन्स’ शोधून प्रत्येकाच्या आधीचं क्रियापद तपासलंय.

आपले,
अनुवादक मंडळी