बासष्ट लिहायला सांगितले, तिने सव्वीस लिहिले

मा. संपादक,
स.न.वि.वि.

महापालिकेच्या शाळांचा दर्जा उंचावणार, अशी बातमी वरचेवर वाचायला मिळते. सोबत फोटो असतो: रंगवलेल्या भिंती, नवा डिजिटल फळा, फीत कापणारे पाहुणे. फोटोत मुलेही असतात, पण टाळ्या वाजवताना. वाचताना कधी दिसत नाहीत.

मी सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर तीस वर्षे काढली. निवृत्तीनंतर घरी बसवेना, म्हणून आठवड्यातून दोन दिवस जवळच्या महापालिका शाळेत तिसरीच्या मुलांना वाचायला घेऊन बसतो. पहिल्याच दिवशी बाईंनी सहा मुले माझ्याकडे दिली आणि म्हणाल्या, "काका, यांचं तेवढं वाचन बघा."

त्यातल्या एकाने धडा घडाघडा म्हणून दाखवला. मला वाटले, याला कशाला पाठवले? सहज पानावरच्या चित्रावर हात ठेवला, तर गाडी थांबली. पाठ होते सगळे. सुटी अक्षरे ओळखत होता, कानाही जमत होता. वेलांटी आली की अडखळायचा आणि जोडाक्षर आले की माझ्या तोंडाकडे बघायचा. घरची माणसे पेठ तालुक्यातली, बांधकामावर. घरी कोकणी बोलतात, म्हणजे डांगाकडची, समुद्राकडची नव्हे. द्राक्षांचा हंगाम आला की सगळे दिंडोरीकडे बागांवर जातात. तेवढे दिवस पोराचे नाव हजेरीत असते आणि पोर बागेत.

दुसरी एक मुलगी चुणचुणीत. तिला म्हटले, बासष्ट लिही. तिने २६ लिहिले. दटावणार होतो, पण तिचे चुकले कुठे? कानावर आधी 'बा' पडतो, म्हणून तिने आधी दोन लिहिले. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'साठ दोन' अशी वाचायची पद्धत आली, तेव्हा अख्खा महाराष्ट्र हसला होता. चहाच्या टपरीवर मीही हसलो होतो. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर तेव्हा जीव तोडून सांगत होत्या की जोडाक्षरांमुळे आणि उलट्या क्रमामुळे लहान मुले इथे अडतात. या मुलीसमोर बसल्यावर ते पटले. आगकाड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधल्या. सहा जुड्या, दोन सुट्या. हे डोक्यात बसायला पंधरा दिवस गेले. आता ६२ मधून ३८ वजा करताना ती एक जुडी सोडते आणि मगच वजाबाकी करते. हातचा हा शब्द तिला अजून येत नाही, न येवो.

कारखान्यात पहिल्याच ऑपरेशनला माप चुकले तर तो जॉब पुढच्या मशीनवर कोणी चढवत नाही. शाळेत मात्र वर्ष संपले की पोर पुढच्या वर्गात. नापास करा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. पाचवी-आठवीला २०२३-२४ पासून पुन्हा वार्षिक परीक्षा सुरू झाली. पण जे तिसरीत दिसते आहे ते पाचवीत कागदावर छापून काय मिळणार? तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे आणि साधी गणिते यावीत, हे केंद्र सरकारच्या 'निपुण भारत' मोहिमेचे उद्दिष्ट २०२१ साली ठरले. मुदत २०२६-२७ ची. उद्दिष्ट उत्तमच आहे. प्रश्न आहे तो बाईंना वेळ कुठून मिळणार हा.

एकदा सहज मोजले. एका तासात बाईंचा मोबाइल चारदा वाजला. पोषण आहाराची संख्या भरा, मुलांचे अपार आयडी (ओळख क्रमांक) किती झाले ते कळवा, कसल्याशा शपथेचा फोटो टाका, आणि एक लिंक, तीही 'आजच्या आज'. प्रत्येक वेळी मुले पेन्सिल तोंडात घालून वाट बघत बसली. त्यातच अधूनमधून मतदारयादीचे काम असतेच. शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमात शिक्षकांना शाळेबाहेर जुंपायला निवडणूक, जनगणना आणि आपत्तीचे काम एवढीच सूट आहे, आणि मतदारयादीचे काम सुटीच्या दिवशी, शिकवण्याची वेळ सोडून करावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच सांगितले आहे.

आता तर २०२७ मध्ये जनगणना आणि सिंहस्थ एकदमच आहेत. जनगणना कायद्यात बसते, तक्रार नाही. पण कोणत्या वर्गाचे शिक्षक द्यायचे, हे तर इथल्या साहेबांच्या हातात आहे ना? पहिली ते तिसरीच्या शिक्षकांना शक्यतो वगळा. आणि रोजचा पहिला तास कोणीही, अगदी कोणीही, शाळेला फोन करू नका. याला एक रुपया खर्च नाही.

आणखी एक. मुलांना वाचता येते का, गणित येते का, हे बघणारी 'असर'ची पाहणी ग्रामीण भागापुरती असते; शहरातल्या पालकाला आपल्या शाळेचे चित्र कळत नाही. दारातल्या फळ्यावर सुविचार लिहितो तिथेच दर महिन्याला लिहावे: तिसरीत मुले इतकी, परिच्छेद वाचणारी इतकी. नावे नकोत, फक्त आकडे. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण सभासद पालक आणि निम्म्या बाया, असे कायदा म्हणतो. पण आमच्याकडे सभा सकाळी अकराला. अकराला आया धुणीभांड्यावर, बाप अंबडच्या कारखान्यात पाळीवर. मग रजिस्टरच घरोघर फिरते आणि जमेल तशा सह्या होतात. बायका सही करताना विचारतात, "यात काय लिवलंय?" रजिस्टर नेणारा म्हणतो, "काही नाही, नेहमीचंच."

पुढची सभा संध्याकाळी सातला ठेवा, असे मुख्याध्यापकांना सांगून आलो आहे. त्यांनी बघतो म्हटले आहे. पेठच्या त्या पोराच्या आईने येते म्हटले आहे.

आपला,
एक निवृत्त कामगार, सातपूर, नाशिक